स्प्लेंडरची टाकी आणि न पडलेला नारळ

बुलेटची टाकी लोक हौसेने रंगवतात. यझदीची रंगवतात, आरएक्स हंड्रेडवर तर जीव ओवाळून टाकतात. स्प्लेंडरच्या टाकीसाठी महिनाभर गच्चीवर बसणारं माणूस मात्र मी माझ्याखेरीज पाहिलेलं नाही. दूधवाल्यांची, वसुलीवाल्यांची, तलाठ्यांची गाडी ती. रंग उडाला तर उडाला, किक मारली की चालू झाल्याशी मतलब.

आमची स्प्लेंडर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, २००१ च्या दसऱ्याला घेतली. काळी. अण्णा पोफळीच्या वीजगृहात नोकरीला होते, चिपळूणहून रोज जाऊन-येऊन. निवृत्तीनंतरही गाडी त्यांनी विकली नाही. मग २२ जुलै २०२१ चा पूर आला. पहाटे पाणी अंगणात होतं, उजाडेपर्यंत जिन्याच्या सहाव्या पायरीवर. आम्ही तिघं वरच्या मजल्यावर, गाडी खाली. वाशिष्ठी ओसरली तेव्हा गाडी आडवी पडलेली होती आणि हेडलाइटच्या काचेआड गाळ साचला होता. त्या ऑगस्टमध्ये चिपळुणातल्या प्रत्येक गॅरेजपुढे गाड्यांची रांग होती. आमचा नंबर लागला तेव्हा मेकॅनिकने इंजिन उघडून धुतलं, ऑइल बदललं, वायरिंग नवं घातलं. टाकी नुसती उलटी करून रिकामी केली. त्याला दोष नाही, रांगच तशी होती.

पण टाकीत गंज धरला. दर दोन महिन्यांनी कार्बोरेटर चोंदायचा, वाटीत विटकरी भुकटी सापडायची. बाहेरून रंगाला फोड आले. आधी झाकणाजवळ, मग खालच्या कडेला. बोटाने दाबलं की फोड फुटायचा आणि आतून तपकिरी पत्रा दिसायचा.

मी कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये सहाय्यक आहे. हे सांगायचं कारण एवढंच, की मला या सगळ्यातलं कळायला हवं होतं. तरीही पहिल्या खेपेला मी व्हायचा तो गाढवपणा केलाच.

ती पहिली खेप सप्टेंबर २०२३ ची, गणपती विसर्जनानंतरची. फोडांवर पॉलिश पेपर घासला, बाजारातून काळ्या स्प्रेचे दोन डबे आणले आणि पडवीत टाकी स्टुलावर ठेवून मारून टाकला रंग. अर्ध्या तासात सगळ्या टाकीवर दुधी साय धरली. काळ्या पाटीवरचा खडू ओल्या फडक्याने पुसल्यावर दिसते तशी. कारण साधं होतं. थिनर उडून जाताना पत्र्याची उष्णता ओढून घेतो, पत्रा गार पडतो, आणि सप्टेंबरातल्या कोकणच्या हवेत गार पत्र्यावर पाणी धरणारच. ते पाणी ओल्या रंगात अडकतं. हाच प्रकार मी दरवर्षी अ‍ॅसिटोनच्या बाटलीवरून अकरावीच्या पोरांना दाखवते.

दोन दिवस ऊन पडलं, साय थोडी उतरली, मी समाधान मानलं. मग पंपावर पेट्रोल भरताना नोझलमधून चार थेंब झाकणाखाली ओघळले. मी रुमालाने पुसले तर रुमाल काळा! साध्या स्प्रेचा रंग नुसता वाळतो. त्यातला थिनर उडतो आणि रंग मागे उरतो, एवढंच. पेट्रोल लागलं की तो पुन्हा मऊ पडतो. ज्या वस्तूवर पेट्रोल सांडणार हे ठरलेलंच आहे, तिला असा रंग देऊन उपयोग नाही. तिला हार्डनरवाला हवा, दोन भाग एकमेकांत मिसळल्यावर रासायनिक क्रियेने कडक होणारा. दुकानदार त्याला टू-के म्हणतात. तो एकदा पक्का झाला की पेट्रोलला दाद देत नाही.

गॅरेजवाल्या पेंटरने अडीच हजार सांगितले. मी म्हटलं, मीच करते. (शेवटी साडेतीन हजार गेले. हे अण्णांना अजून माहीत नाही.)

दुसरी खेप गेल्या फेब्रुवारीत. कोकणात रंगकाम करायचं तर डिसेंबर ते मार्च. हवा कोरडी असते आणि दुपारी पत्रा हाताला कोमट लागतो.

टाकी उतरवायला फार काही लागत नाही. सीट काढा, मागचा बोल्ट काढा, कॉक बंद करून नळी ओढा, टाकी मागे सरकवून उचला. उरलेलं पेट्रोल काढलं, कॉक आणि झाकण काढलं. इथे एक गोष्ट जरा दटावून सांगते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. हवेत दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली की ती पेट घेते, आणि रिकाम्या टाकीत नेमकं तेवढंच प्रमाण होऊन बसतं. वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे आपणहून बाहेर येत नाही. मी साबणाच्या पाण्याने तीनदा धुतली, दोन दिवस गच्चीवर तोंड उघडं ठेवून पालथी घातली, आणि शेजारच्या काकांना त्या बाजूला विडी ओढायला बंदी केली. ते चार दिवस रुसले होते.

आधी आतला गंज काढायचा, मग बाहेरचा रंग. उलट केलं तर आतलं अ‍ॅसिड ओघळून नव्या रंगाची वाट लावतं. गंजाला मी सायट्रिक अ‍ॅसिड वापरलं, दहा लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो. आई बघत होती. म्हणाली, "हे म्हणजे आमसूलच की." बरोबर आहे तिचं. ती तांब्याची घागर आमसुलाने घासते तेव्हा हेच होतं, आंबट पदार्थ धातूवरचा काळा थर विरघळवतो. कोकमातलं मुख्य आम्ल सायट्रिक अ‍ॅसिडच्या जवळच्या नात्यातलंच आहे. "मग बाजारातून कशाला आणलंस, बरणीभर आहेत घरात," ती म्हणाली. दहा लिटर आमसुलाचं पाणी बसवायला कोकमाचं आख्खं झाड लागलं असतं.

नुसतं भिजवून जाड पोपडे सुटत नाहीत, म्हणून आत मूठभर नट टाकले आणि टाकी पोटाशी धरून हलवली. पाळणा हलवल्यासारखी नव्हे, सूप पाखडल्यासारखी. अर्ध्या तासात दंड भरून आले. एक रात्र भिजत ठेवली. सकाळी पाणी ओतलं तर चहासारखं लाल. नट मोजून टाकले होते, ३०. बाहेर आले २९.

स्प्लेंडरच्या टाकीला खालून खोगिरासारखी खाच असते, फ्रेमचा पाइप बसायला. त्यामुळे टाकीच्या पोटाचे दोन भाग होतात आणि नट एका भागात गेला की तोंडाकडे यायला तयार नसतो. मी टाकी उलटी केली, सुलटी केली, तारेचा आकडा घातला. शेवटी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं. आत घालायचा प्रश्नच नव्हता, ते टाकीलाच चिकटलं असतं. म्हणून बाहेरून पत्र्यावर धरलं आणि आतला नट ओढत ओढत तोंडाकडे आणायला लागले. कल्पना चांगली चालली. पत्र्यापलीकडे नट खरखरत सरकत होता. डाव्या बाजूला, गुडघा टेकतो तिथे आलं आणि चुंबक हातातून निसटून माझ्या पायावर पडलं.

पुन्हा लावलं. पुन्हा निसटलं. तळहाताएवढ्या जागेत चुंबक धरतच नव्हतं, आणि त्या जागेच्या चारी बाजूंना मात्र खटकन बसत होतं.

पेंटर लोक जुनी गाडी घेताना याच युक्तीने तपासतात. चुंबक धरत नाही म्हणजे तिथे वर पत्रा नाही, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) आहे. पोचा पडलेला असतो, तो काढायचा सोडून वरून जाड लांबी भरलेली असते. मला नवल वाटलं नाही. टाकीला एकदा मार बसला होता हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. २००६ साली अंगणातल्या माडावरून नारळ पडला आणि अण्णांनी टाकी दुरुस्त करून, रंग मारून आणली. मी तेव्हा बारावीला होते.

(नट निघाला. तिसऱ्या दिवशी, मी काही करत नसताना, टाकी उचलल्यावर आपोआप घरंगळून आला.)

आतून सोड्याच्या पाण्याने खळबळून अ‍ॅसिड मारलं, साध्या पाण्याने धुतलं आणि लगेच हेअर ड्रायर लावला. लगेच म्हणजे लगेच. गंज निघालेलं उघडं लोखंड पाच-दहा मिनिटांत पिवळं पडायला लागतं. वाळल्यावर पेट्रोल नाही, नुसतं टू-टी ऑइल ओतलं आणि टाकी फिरवून आतून सगळीकडे लावून घेतलं. तोंड आणि कॉकची जागा चिकटपट्टीने बंद केली.

मग बाहेरचा रंग. पेंट रिमूव्हर जेलीसारखा असतो. ब्रशने लावायचा, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची, वीस मिनिटं थांबायचं. साधे पातळ हातमोजे यात चालत नाहीत, त्यातून तो आरपार जातो. जाड रबराचे घ्या. पिशवी काढली तर दुधावरची साय गोळा व्हावी तसा रंग सुरकुतून वर आला होता. पत्रीने खरवडायला लागले. पहिला थर माझा सप्टेंबरातला काळा. त्याखाली जुना काळा. त्याखाली राखाडी प्रायमर. इथवर ठीक. त्याखाली लाल.

लाल म्हणजे प्रायमरचा विटकरी नव्हे. चकचकीत, कंपनीतून आलेला लाल, त्यावर अर्धवट उखडलेल्या स्टिकरची पांढरी रेघसुद्धा.

अण्णा गच्चीच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

"अण्णा, आपली गाडी काळीच घेतली होती ना?"

"हो की. आरसी बुकात आहे."

"मग हे लाल कुठलं?"

अण्णांनी पान उलटलं. "कंपनी आतून लाल मारत असेल."

आई चहा घेऊन आली होती. तिने टाकीकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं. "नारळ पडला तेव्हा गॅरेजवाल्याने काही केलं असेल," ती म्हणाली, पण आवाज बदललेला होता. मी काही न बोलता डावी बाजू खरवडत राहिले. गुलाबीसर लांबीचा थर निघाला, चांगला अर्ध्या बोटाएवढा जाड, आणि त्याखालीही तोच लाल. म्हणजे पोचा पडला तेव्हा टाकी लाल होती. म्हणजे ही टाकीच आमची नव्हती.

चहा निवेपर्यंत अण्णांनी सांगून टाकलं. जानेवारी २००६. ड्युटी संपल्यावर ते आणि त्यांचे एक सहकारी कुंभार्ली घाट चढून कराडच्या बाजूला हुरडा खायला गेले होते. घरी ओव्हरटाइम सांगितला होता. परत येताना अंधारात, वळणावर खडी पसरलेली, गाडी घसरली ती कठड्यावर. टाकी फाटली, पेट्रोल रस्त्यावर. गॅरेजवाल्याकडे भंगारात एक लाल टाकी होती, आधीच पोचा भरलेली. त्याने तिला काळं केलं. घरी काय सांगायचं, तर नारळ.

"आणि पाय?" आईने विचारलं. "तो पायरीवरून मुरगळला होता ना वीजगृहात?"

अण्णांनी पेपरची घडी घातली.

आई टाकीपाशी खाली बसली, लाल रंगावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मी माड तोडला."

हे मला आठवत होतं. आईच्या सासूबाईंनी लावलेला माड, पाडप्याला बोलावलं की पंचवीस-तीस नारळ सहज निघायचे. आज टाकीवर पडला, उद्या पोरीच्या डोक्यात पडेल म्हणून त्याच उन्हाळ्यात आईने तो तोडून घेतला. नंतर कित्येक वर्षं बाजारात नारळाचा भाव ऐकला की ती म्हणायची, काय करणार, माडाने विश्वास घालवला.

त्यानंतर आठवडाभर घरात बोलणं बेताचंच होतं. मला बरंच झालं. रंगकामातला मोठा वेळ घासण्यातच जातो आणि घासायला शांतता लागते.

पत्रा पूर्ण उघडा केला, ८० चा पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक १२०, मग २२०. पोचा आतून ठोकून काढता येत नाही, टाकीत हात कुठून घालणार. लांबी भरण्याला इलाज नव्हता, पण थर पातळ ठेवला, दोनदा. लांबीत हार्डनर मिसळल्यावर हातात पाच मिनिटं असतात. मी पहिल्या वेळी जास्त कालवलं आणि निम्मी लांबी पत्र्याच्या तुकड्यावरच दगड झाली. मग एपॉक्सी प्रायमर, मग सरफेसर, म्हणजे घासून सपाट करायचा जाड थर. सरफेसरवर काळ्या स्प्रेचा नुसता धुरळा मारायचा आणि ४०० च्या पेपरने पाण्यात घासायचं. उंचवट्यावरचा काळा आधी जातो, खड्ड्यातला राहतो. डोळ्याला न दिसणारा खड्डा असा दिसतो. हातालाही कळतो, पण हात ओला हवा आणि डोळे मिटलेले. माझे चार वेळा काळे ठिपके राहिले, चार वेळा सरफेसर. चौथ्या वेळी अण्णा म्हणाले, "आता पुरे, दूधवाल्याची गाडी आहे." पाचव्यांदा मारला.

भाचा म्हणत होता मॅट हिरवा मार. आरसी बुकात रंग लिहिलेला असतो, बदलायचा तर आरटीओत जाऊन नोंद करून घ्यावी लागते. मला आरटीओत जायचं नव्हतं. काळाच ठेवला.

रंगाचा भाग सगळ्यात लवकर उरकतो. डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला, म्हणजे फवारा बारीक येतो. टाकीपासून वीतभर अंतर, फवारा टाकीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. पहिला हात इतका पातळ की खालचा राखाडी दिसला पाहिजे. इथे मोह आवरत नाही. एकदम काळं करावंसं वाटतं आणि मग ओघळ येतो. माझा एक आला, झाकणाखाली. वाळू दिला, घासला, पुन्हा मारला.

मग स्टिकर. हिरो आणि होंडा वेगळे होऊन २०११ पासून कंपनीचं नावही बदललं, पण आमच्या बाजारात जुन्या नावाचे स्टिकर अजून मिळतात. साबणाच्या पाण्यावर तरंगवून लावायचे असतात. मद्रासच्या कारखान्यात बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा हातात ब्रश धरून ओढतात म्हणे. मला छापील स्टिकर दोन्ही बाजूंना एका उंचीवर लावायला पूर्ण दुपार लागली, तरी उजवा दोन मिलिमीटर खाली आहे. सांगितल्याशिवाय दिसत नाही. आता सांगितलं.

शेवटी टू-के क्लिअर, रंगावरचा पारदर्शक थर. डब्याच्या बुडाला एक बटण असतं, ते दाबलं की आतली हार्डनरची कुपी फुटते. मग डबा त्याच दिवशी संपवायचा, ठेवला तर आतच घट्ट होतो. याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची वाफ फुफ्फुसाला कायमची खोड लावू शकते आणि कापडी मास्क तिच्यापुढे चाळणीसारखा. लॅबमधला कार्बन फिल्टरचा मास्क मी सरांना विचारून आणला, फिल्टर मात्र नवे घेतले. मास्क, चष्मा, आईचा जुना गाऊन. शेजारच्या काकांनी त्या अवतारात मला पाहिलं आणि विडीसह आत गेले.

तीन हात, मध्ये पंधरा मिनिटं. तिसऱ्या हातानंतर टाकी अशी दिसली की आंब्याच्या फांद्या तिच्यात मोजता याव्यात. आणि फेब्रुवारी म्हणजे आंब्याला मोहोर, मोहोर म्हणजे तुडतुडे. एक येऊन बरोबर मधोमध बसला. हात लावायचा नसतो. दुसऱ्या दिवशी १५०० चा पेपर, मग २०००, मग रबिंग कंपाउंड. तुडतुडा गेला, एक पाय राहिला. तो क्लिअरमध्येच रुतलेला आहे. आठवडाभर टाकीला हात लावू दिला नाही कुणाला.

पंपावर गेलं की मी मुद्दाम नोझलमधून दोन थेंब सांडू देते. पुसते, रुमाल बघते. पांढरा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अण्णा सकाळीच गाडी घेऊन गेले, कुठे ते न सांगता. आईने घड्याळ बघितलं, काही बोलली नाही. अकराच्या सुमारास परत आले ते रोपवाटिकेतून, टाकीवर बाणवली माडाचं रोप आडवं धरून, मातीची पिशवी दोन गुडघ्यांत. आई ओट्यावरून उतरली, रोप घेतलं, कोंब सरळ आहे का बघितलं आणि जुन्या माडाच्या खड्ड्यापासून चांगलं दहा हात लांब, गाडी लावायच्या जागेच्या पलीकडे, खड्डा खणायला सांगितला.

पिशवीतले खडे टाकीवर घासून डाव्या बाजूला वीतभर ओरखडा उठला आहे, नेमका लांबीच्या जागेवर. नख लावून बघितलं, क्लिअरच्या खाली गेलेला नाही. २००० चे दोन पेपर उरलेत. एक पुरेल.